पोथ्यांकडून जनगणनेचा फॉर्म भरून घेऊ नका

२०२७ची जनगणना जवळ येत चालली तशी नागपुरात काही जुनी भांडणे नव्याने उकरली जात आहेत. महानुभाव हिंदू की हिंदूंहून वेगळे? गोंडांनी धर्माच्या रकान्यात काय लिहायचे? २०१८ साली कर्नाटक सरकारने लिंगायतांसाठी स्वतंत्र धर्माची शिफारस केली, मग इकडच्या लिंगायतांचे काय? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांपासून व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांपर्यंत हा वाद एकाच पद्धतीने घातला जातो. एक जण सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातली ओळ काढतो आणि म्हणतो, 'बघा, आम्ही तेव्हापासूनच वेगळे.' दुसरा त्याच ग्रंथातली चार पाने पुढची ओळ काढतो, 'बघा, तुम्ही आमचेच.' मग तिसरा येतो, समजूतदार चेहऱ्याचा. तो म्हणतो, 'अहो, त्या काळी असा भेद नव्हताच, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते.' तिघांचेही चुकते आहे, आणि माझ्या मते तिसऱ्याचे सर्वांत जास्त.

मध्ययुगीन ग्रंथांनी सीमेवरच्या समाजांची धार्मिक ओळख घडवली, यात शंका नाही. पण 'आपण कोण' याचे उत्तर लिहून ठेवून त्यांनी ती घडवलेली नाही. ग्रंथ कोणत्या भाषेत ठेवायचा, कोणाच्या हाती द्यायचा, कोणापासून लपवायचा, कोणाच्या तोंडून ऐकायचा, त्यात सांगितलेल्या गावाला कोणत्या वाटेने जायचे, या रोजच्या व्यवहारांतून समाज घडत गेले. त्या व्यवहारांनी आखलेल्या रेषा जनगणनेच्या रकान्यांशी जुळत नाहीत. रकाने इंग्रजांच्या राजवटीत आले, रेषा त्याआधी कित्येक शतके पडलेल्या. तेव्हा आज कोणी कुठे खूण करावी, हा निर्णय आजच्या माणसांनी आजच्या कारणांसाठी घ्यावा आणि ती कारणे उघड सांगावीत. पोथीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

सीमाभाग म्हटले की मराठी माणसाला बेळगाव आठवते. पण विदर्भ हा त्याहून जुना आणि बराचसा विसरलेला सीमाभाग आहे. देवगिरीच्या यादवांच्या राज्याची ही उत्तरेची कड. रामटेकच्या गडावर त्यांचा शिलालेख आहे, आणि तिथून पुढे माळवा आणि गोंडांचा मुलूख. बहमनी राज्य फुटल्यावर १४९०च्या सुमारास अचलपुरात इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातला, जन्माने ब्राह्मण, लहानपणी पकडला जाऊन मुसलमान म्हणून वाढलेला. आणि नागपूर? हे शहर वसवले देवगडच्या बख्त बुलंद शहाने, १७०२च्या आसपास. तो गोंड राजा, औरंगजेबाच्या दरबारी जाऊन इस्लाम स्वीकारून आलेला. त्याच्या घराण्यात पुढे इस्लाम आणि गोंडांच्या रीती दोन्ही चालत राहिल्या. मग मराठे भोसले आले, मग इंग्रजांनी इथे हिंदी-मराठी अशा मिश्र प्रांताची राजधानी केली. अशा शहरात बसून 'मुळात कोण काय होते' याचा छडा लावायला निघालेल्या माणसाच्या उत्साहाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

या सीमाभागात ग्रंथाने समाज कसा घडतो हे पाहायचे तर रिद्धपूरला जावे लागते. अमरावती जिल्ह्यातले हे गाव आता मराठी भाषा विद्यापीठामुळे बातम्यांत असते. महानुभावांच्या परंपरेनुसार पंथाचे संस्थापक चक्रधर मूळचे गुजरातेतले, भडोचच्या प्रधानाचे पुत्र. रामटेकच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडले आणि रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या भेटीनंतर मागे फिरलेच नाहीत. म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्यांच्या आठवणींवर उभा आहे, ते स्वतः परप्रांतातून आलेले. त्यांच्या नंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांना विचारून लीळा गोळा केल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध झाले. परंपरा सांगते की पुढे खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून पुन्हा पाठ तयार करावे लागले. त्यांतला एक पाठ हिराइसा नावाच्या बाईचा. आज ज्या ओळीवरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ती ओळ अशा रीतीने माणसांच्या स्मरणातून गाळून आलेली आहे. पाठभेद इतके की कोणत्या पाठातली ओळ हे न सांगता ती पुढे करणे हाच मुळात एक अप्रामाणिकपणा.

चक्रधरांच्या वचनांचा संग्रह म्हणजे सूत्रपाठ. त्यातले एक वचन या वादात वारंवार येते. कानड देशात, तेलंग देशात जाऊ नये, महाराष्ट्रात असावे. भाषावादी हे वाचून खूश होतात, वेगळ्या धर्माचा दावा करणारेही खूश होतात, कारण त्यांना यात 'आपला देश, आपला पंथ' अशी कुंपणे दिसतात. पण कारण काय दिले आहे तेही वाचावे. ते देश विषयबहुळ, म्हणजे सुखोपभोगांनी भरलेले, तिथे तपस्व्यांना मान मिळतो, म्हणून जाऊ नये. म्हणजे ही मनाई परक्या धर्माची नाही, परक्या भाषेचीही नाही. ती आरामाची आणि मानाची आहे. साधकाचे पाय जिथे धरले जातील तिथे त्याने राहू नये, एवढाच तिचा अर्थ. त्याच आचारप्रकरणात साधकाने देशाच्या शेवटाला, झाडाखाली आयुष्य काढावे असेही सांगितले आहे. जो ग्रंथ आपल्या माणसांना मुद्दाम देशाच्या कडेला पाठवतो, त्याच ग्रंथातून आपण मधोमध भिंत बांधायला विटा काढतो आहोत!

आणि ज्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितले होते ते गेले कुठे? पंजाबात. कृष्णमुनी डिंभ यांच्या काळापासून हा पंथ उत्तरेला पसरला आणि थेट पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणत. तिथल्या पंजाबी बोलणाऱ्या अनुयायांनी धर्मग्रंथांची भाषा म्हणून मराठीच ठेवली. घरात पंजाबी, बाजारात उर्दू, आणि सूत्रे मात्र यादवकालीन मराठीत. फाळणीनंतर त्यांतली कित्येक कुटुंबे इकडे आली आणि रिद्धपूरच्या यात्रेत त्यांची तिसरी-चौथी पिढी आजही दिसते. रिद्धपूरचा शेतकरी आणि मुलतानचा व्यापारी एका समाजाचे कसे झाले? दोघेही एका शब्दासाठी एकाच भाषेकडे वळत होते, भेटल्यावर दोघेही 'दंडवत प्रणाम' म्हणत होते, आणि दोघांच्याही मनात तीच गावे होती. चौदाव्या शतकातली स्थानपोथी उघडून पाहा. चक्रधर कुठे बसले, कुठे निजले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, शेजारी कोणते देऊळ, याची नोंद आहे. तत्त्वज्ञान जवळपास शून्य. एखाद्या तलाठ्याला शोभेल असा तो कागद आहे, आणि माझ्या मते पंथ टिकवण्यात त्याचा वाटा सूत्रपाठाइतकाच मोठा आहे. आजही त्या जागांवर ओटे आहेत आणि माणसे तिथे डोके टेकवायला जातात.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणे बरे नाही. तो असा की महानुभावांचा ग्रंथ केवळ व्यवहार सांगत नाही, सिद्धान्तही सांगतो, आणि तो सिद्धान्त वेगळेपणाचाच आहे. इतर देवता जीवाला मोक्ष देऊ शकत नाहीत, परमेश्वर एकच, त्याचे पाच अवतार, बाकीच्या देवतांची उपासना साधकाने करू नये. जातीचा विटाळ नाही, बाईच्या मासिक पाळीचा विटाळ नाही. आपल्या ग्रंथांसाठी त्यांनी गुप्त लिपी केल्या. सकळ लिपी पंथाबाहेरच्या माणसाला कित्येक शतके वाचता येत नव्हती, विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती उलगडून दाखवली. आपले पवित्र वाङ्मय ज्यांनी शेजाऱ्यांपासून लपवले, त्यांना आपण शेजाऱ्यांहून वेगळे आहोत याची जाणीव नव्हती असे कोण म्हणेल?

होती, आणि तीव्र होती. हे मी मान्यच करतो. प्रश्न इतकाच की ती कोणापासूनच्या वेगळेपणाची जाणीव होती? सकळ लिपीची भिंत 'हिंदू' आणि 'महानुभाव' यांच्यामध्ये नव्हती. ती दीक्षा घेतलेला आणि न घेतलेला यांच्यामध्ये होती. खुद्द पंथाच्या घरातला, पण उपदेश न घेतलेला मुलगाही त्या भिंतीच्या बाहेरच होता. उलट चक्रधरांच्या नंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांची ती गोष्ट आठवा. त्यांचे शिष्य केशोबास यांनी संस्कृतात लिहायचा विचार बोलून दाखवला तेव्हा ते म्हणाले, 'नको गा केशवदेया, येणें माझिया म्हातारिया नागवतील.' माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. ग्रंथाची भाषा ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर पंथातल्या न शिकलेल्या बाया होत्या. एका बाजूला भाषेचे दार सताड उघडे, दुसऱ्या बाजूला लिपीचे दार बंद. अशा समाजाला आज 'हिंदू: होय/नाही' असे विचारणे म्हणजे चौकोनी पाटावर घागर मांडून ती डुगडुगते म्हणून कुंभाराला दोष देणे झाले. आत आणि बाहेर त्यांनी ठरवले होते, पण त्यांच्या मोजमापाने.

शिवाय लपलेला ग्रंथ एकदा बाहेर आला की त्याचा समाजही बदलतो. १९३०च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्र छापायला घेतले. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या वि. भि. कोलते यांनी आयुष्य या वाङ्मयात घालवून १९७८ साली त्याची मोठी संपादित आवृत्ती काढली. मठातल्या पेटीतली पोथी एम.ए.च्या अभ्यासक्रमात गेली. दंडवत घालून उघडायच्या ग्रंथावर आता दहा गुणांचे प्रश्न येतात. आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ज्या ग्रंथांची नावे सर्वांच्या तोंडी होती त्यांत हा होताच. म्हणजे एकाच ग्रंथाने आधी एक पंथ घडवला आणि सहा-सात शतकांनी एका भाषेच्या अभिमानाला आधार दिला. यांतली कोणती ओळख 'खरी'? पंथाचा माणूस म्हणेल पहिली. मराठीचा प्राध्यापक म्हणेल दुसरी. ग्रंथ मात्र दोघांनाही नकार देत नाही.

आता त्या समजूतदार तिसऱ्याकडे वळू. 'पूर्वी भेद नव्हते' हे वाक्य ऐकायला गोड आणि तपासायला कठीण. ते तपासायला गुरुचरित्रासारखा दुसरा ग्रंथ नाही. हा तर पक्का सीमेवरचा ग्रंथ. नृसिंहसरस्वतींचा जन्म आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्यात, कार्य नरसोबाच्या वाडीला आणि शेवटी कर्नाटकातल्या गाणगापुरात. ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर स्वतःच सांगतो की मराठी ही त्याची भाषा नव्हे. नृसिंहसरस्वतींचे कारंजेही असे की तिथे त्याच काळात दिगंबर जैनांची भट्टारकपीठे नांदत होती. या ग्रंथात बिदरचा यवन राजा येतो. तो पूर्वजन्मीचा रजक, गुरूंचा भक्त. राजवैभव पाहून त्याच्या मनात इच्छा उमटली म्हणून पुढच्या जन्मी राजा झाला. मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन तो गुरूंना शरण येतो आणि बरा होतो. समजूतदार मंडळी इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा, केवढा हा समन्वय!

पण गोष्ट नीट वाचली तर तिची वीण दिसते. सुलतानाची सत्ता नाकारता येत नाही, तिच्याशी रोज जगायचे आहे, मग तिला कर्मविपाकाच्या हिशेबात बसवून आपलेसे केले आहे. राजा मोठा खरा, पण मुळात आमच्याच गुरूंचा धोबी. यात आपुलकी आहे आणि चढेलपणाही आहे, दोन्ही एकाच श्वासात. त्याच ग्रंथात सत्ताविसाव्या अध्यायात वेदविद्येने उन्मत्त झालेले दोन ब्राह्मण येतात. यवन राजापुढे वेद म्हणून दाखवून मान मिळवलेले ते ब्राह्मण गुरूंकडे जयपत्र मागतात. गुरू रस्त्याने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात, जमिनीवर सात रेघा ओढायला लावतात आणि एकेक ओलांडायला सांगतात. दर रेघेला त्याला आधीचा एकेक जन्म आठवतो. सातव्या रेघेपलीकडे तो विद्वान ब्राह्मण असतो आणि त्याच्या मुखातून वेद बाहेर पडतात. ब्राह्मणांचा गर्व उतरतो. इथपर्यंत वाचून आनंद होतो. पुढच्या अध्यायात त्याच्या अंगावरची विभूती पाण्याने धुतली जाते, तो सगळे विसरतो आणि पूर्ववत आपल्या घरी जातो.

त्या सात रेघा मला फार बोलक्या वाटतात. त्या ओलांडता येतात, पण ज्याची सत्ता आहे त्याने ओलांडवल्या तर, आणि काम झाल्यावर परत पाठवून दिले जाते. ग्रंथकर्त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो त्याच्या काळातला माणूस. पण या गोष्टीला 'भेद नव्हते' याचा पुरावा म्हणून कसे काय मांडता येईल? भेद होते, म्हणून तर रेघा ओढाव्या लागल्या. मध्ययुगातले सीमेवरचे ग्रंथ देवाणघेवाणीने भरलेले आहेत हे खरे. ती देवाणघेवाण बरोबरीची होती, हे मात्र पुढच्या लोकांनी चिकटवलेले आहे.

श्रीगोंद्याचे शेख महंमद घ्या. सतराव्या शतकातला हा संत योगसंग्राम लिहितो आणि स्वतःविषयी सांगतो, 'शेख महंमद अविंध । त्याचे हृदयी गोविंद.' केवढे धाडस आहे या दोन चरणांत! तो स्वतःचे अविंधपण, म्हणजे मुसलमानपण, झाकत नाही, गोविंदही सोडत नाही. आज त्याच्याच गावात त्याचे स्थान समाधी म्हणायचे की दर्गा, यावरून माणसे भांडतात. हे मराठीपुरतेच आहे असेही नाही. बंगालच्या पूर्व टोकाला, आराकानला लागून असलेल्या चितगाव भागात सय्यद सुलतान नावाच्या कवीने बंगालीत नबीवंश लिहिला. प्रेषितांच्या परंपरेची कथा सांगताना त्याने कृष्णालाही त्या ओळीत आणून बसवले. जंगल तोडून नवी शेती करणाऱ्या त्या मुलखातल्या शेतकऱ्यांना इस्लाम ओळखीचा वाटला तो अशा ग्रंथांमुळे. एकोणिसाव्या शतकात त्याच शेतकऱ्यांच्या वंशजांना फराइजींसारख्या सुधारकांनी सांगितले की असली सरमिसळ म्हणजे भ्रष्टता. ज्या पुलावरून आजोबा आले तो नातवाला अडचणीचा वाटू लागला. मग त्या समाजाची ओळख ग्रंथाने ठरवली, की ग्रंथाचे काय करायचे हे वेळोवेळी समाजाने ठरवले?

गोंडांच्या बाबतीत तर सगळा युक्तिवादच कोसळतो, कारण तिथे मध्ययुगीन पोथी नाहीच. गोंडांचा धर्म घालून देणाऱ्या पहांदी पारी कुपार लिंगोची कथा प्रधानांच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांच्या, गळ्यात होती. ती छापली गेली ती नागपुरात राहणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्यामुळे. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज इथे आहे. १८६३ साली टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना ते नाल्यात बुडून गेले. त्यांची टिपणे १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी संपादून प्रसिद्ध केली. त्यात एका प्रधानाकडून उतरवून घेतलेले लिंगोचे गीत आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले, लिंगोने सोडवले, कुळे वाटून दिली, देव वाटून दिले. आता एक बाजू म्हणते, गीतात महादेव आहे, विषय संपला, तुम्ही हिंदू. दुसरी म्हणते, महादेव नंतर घुसडला, मूळ गीत शुद्ध होते. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, मांडणी करताना या कथेचा वेगळा अर्थ लावला, आणि कचारगडच्या गुहांपाशी माघ पौर्णिमेला आज जी गर्दी लोटते तिला तो अर्थ आपला वाटतो.

पण 'महादेव आहे, म्हणून हिंदू' म्हणणाऱ्यांनी कथेत महादेव काय करतो हे पाहिले आहे का? तो कोंडतो. नायक तो नाही, सोडवणारा लिंगो आहे. देवाचे नाव आले म्हणजे त्या देवाची सत्ता मान्य झाली असे कुठे असते? आणि 'नंतर घुसडला' म्हणणाऱ्यांनाही विचारायला हवे की मौखिक कथेत 'मूळ' म्हणजे कोणत्या रात्रीचे, कोणत्या प्रधानाचे? लिहिलेला ग्रंथ नसतानाही गोंड गोंड राहिले. कुळ, देवांची संख्या, पेन म्हणजे कुळांचे देव, लग्नाचे नियम यांनी ते टिकले. ग्रंथाशिवाय धर्माला किंमत नाही ही समजूत आपल्याकडे गोऱ्या साहेबाच्या फॉर्मबरोबर आली, आणि आता तिचे ओझे ज्यांच्याकडे ग्रंथ नव्हता तेच वाहतात, हे पाहून वाईट वाटते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला खरोखर अडवतो. तुम्हाला म्हणणे सोपे आहे, असे लोक म्हणतात. बहुसंख्याकांना इतिहास दाखवावा लागत नाही. लहान समाजाला कोणी गिळायला आले तर त्याच्याकडे जुन्या कागदाखेरीज दुसरे शस्त्र काय असते? तोही तुम्ही काढून घेता? आणि बाबासाहेबांनी तरी काय केले? १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना त्यांनी नाग लोकांचाच इतिहास सांगितला होता ना?

सांगितला होता. १५ ऑक्टोबरच्या भाषणात त्यांनी तो सविस्तर सांगितला. पण आदल्या दिवशी त्याच मैदानावर लाखो लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या त्यांत 'आमचे पूर्वज नाग होते म्हणून' असे कुठेही नाही. काय मानणार नाही, काय करणार नाही, काय पाळीन, एवढेच आहे. इतिहासाने बळ दिले, निर्णय त्यांनी घेतला. आणि तो निर्णय एका मध्ययुगीन वारशाला बाजूला सारून घेतला, हेही विसरू नये. नागपूरच्या महार वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखीचा मोठा आधार चोखामेळा हाच होता. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी इथे मुलींची शाळा काढली तिला नाव दिले चोखामेळ्याचे. मंगळवेढ्याच्या, म्हणजे पुन्हा कानडी सीमेवरच्या, या संताचे अभंग भजनी मंडळांत गायले जात. बनसोड्यांनी चोखोबाला वापरले ते 'आम्हीही या परंपरेचे मालक आहोत' हे सांगायला. पुढच्या पिढीने त्याच अभंगांत गावकुसाबाहेरच्या माणसाची हतबलता वाचली आणि ते मागे ठेवले. बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत नंदनार आणि रविदासांसोबत चोखामेळ्याचे नाव घेतले, आणि आठ वर्षांनी धर्म बदलला. आदर आणि निरोप एकत्र नांदू शकतात. लहान समाजाच्या हातून इतिहास काढून घ्या असे मी म्हणत नाही. तो जवळ ठेवावा, पण आपला निर्णय त्याच्या सहीवर अडकवू नये. कारण ज्याने जुन्या ओळीच्या जोरावर वेगळेपण मिळवले, त्याचे वेगळेपण उद्या दुसरा पाठभेद सापडला की जाते.

आणि वेगळेपण कशासाठी मागतो आहोत, हा प्रश्न पोथीच्या आड लपतो ते तर सर्वांत घातक. १९४८ साली अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी न्यायालयात दावा लावला की आमचा पंथ हिंदू धर्मात येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ साली मुख्य न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल देताना वेद, उपनिषदे, आचार्य, संत, टिळकांची हिंदू धर्माची व्याख्या असा मोठा पल्ला गाठला आणि सत्संगी हिंदूच आहेत असे ठरवले. निकाल वाचताना वाटते, केवढी ही तत्त्वचर्चा! मुळात दावा लावला होता तो मंदिरप्रवेशाच्या कायद्यामुळे दलित आपल्या मंदिरात येतील या भीतीने. त्या पंथाच्या ग्रंथांत वेगळेपण आहे की नाही हे तपासण्यात दोन दशके गेली. वेगळेपण दलितांना बाहेर ठेवण्यासाठी हवे आहे, हे पहिल्या दिवशी माहीत होते.

उलट्या टोकाचे उदाहरण नागपूरनेच भोगले आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा, काही शीख जाती सोडल्या तर, हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली बाकीचे शीखही त्यात आले, बौद्ध यायला १९९० उजाडले. ज्यांनी दीक्षाभूमीवर धर्म बदलला त्यांनी केंद्राच्या सवलती गमावून तो बदलला, आणि ती किंमत त्यांना आधीच ठाऊक होती. कोणत्याही पोथीतली ओळ इतकी किंमत देऊ शकत नाही.

म्हणून येत्या जनगणनेच्या वादात उतरणाऱ्यांनी आधी आपली मागणी स्पष्ट सांगावी. जनगणनेत आपल्या धर्माला स्वतंत्र कोड हवा आहे तो संख्या दिसावी म्हणून? देवस्थानाचा कारभार हाती हवा म्हणून? मुलांना गोंडी शाळा हवी म्हणून? २०११ साली दहा लाखांवर लोकांनी धर्म म्हणून 'गोंड' किंवा 'गोंडी' लिहिले, तेही वेगळा रकाना नसताना, 'इतर'मध्ये. हे आकडे कोणत्याही ओवीपेक्षा जास्त बोलतात. आणि आदिवासी पाड्यांवर 'दुसरा धर्म लिहिलात तर दाखला जाईल' अशी जी भीती घातली जाते, तिच्याविषयी तर लगेच बोलायला हवे. अनुसूचित जमातीचा दर्जा आजच्या कायद्यात धर्मावर अवलंबून नाही. तो अनुसूचित जातींचा नियम आहे, जमातींचा नाही. गोंड माणूस हिंदू लिहो, गोंडी लिहो, ख्रिस्ती लिहो की काहीच न लिहो, या कायद्याने त्याचा दाखला कुठेही जात नाही. सालेकसा, देवरी, कुरखेडा, एटापल्लीकडच्या प्रगणकांच्या प्रशिक्षणात ही एक गोष्ट जरी नीट सांगितली गेली, तरी सभागृहांतल्या निम्म्या भांडणांतली हवा निघून जाईल.